फोटो आपला, फ्लेक्स दुसऱ्याचा: हौशी फोटोग्राफरला कॉपीराइट कितपत वाचवतो?

हलशी_फ्रेम (खानापूर)

नमस्कार मंडळी. धंदा नाही, हौस आहे. राजहंसगड, हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर, गोकाकचा धबधबा, बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असले फोटो फेसबुक आणि इन्स्टावर टाकतो. अशा फोटोंचं पुढं काय होतं ते आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कोपऱ्यातलं नाव कापलं जातं आणि फोटो कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, कॅलेंडरवर नाहीतर बातम्यांच्या पेजवर दिसतो.

विचारायचं ते असं. नोंदणी केली नसेल तर कॉपीराइट असतो का? ओळखीतल्या लग्नाचे पैसे घेऊन फोटो काढले तर ते कुणाचे? "नेटवर सापडला" म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? कॅलेंडरवाला कोल्हापूरचा असेल तर बेळगावातून काही करता येतं का? आणि पैसे मागता येतात की नुसतं "काढून टाका" म्हणायचं?

---

टिळकवाडी_वकिली

नोंदणीचं आधी मिटवूया, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथंच आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही 'कलात्मक कृती' आहे, आणि त्यात कलागुण असो वा नसो, असं कलम २ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. फोटो काढणारा तो कर्ता. क्लिक केल्याक्षणी हक्क सुरू होतो. मोबाइलवर काढला काय आणि फुल फ्रेमवर काढला काय, फरक नाही. पूर्वी फोटोला प्रसिद्धीपासून ६० वर्षं संरक्षण होतं. २०१२ च्या दुरुस्तीत ते वेगळं कलम २५ काढून टाकलं. आता इतर कृतींसारखंच, कर्त्याचं आयुष्य आणि त्यापुढं ६० वर्षं.

नोंदणीचा उपयोग पुराव्यापुरता. कलम ४८ मुळं नोंदवहीतली नोंद कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरतात. अर्ज ऑनलाइन होतो, नमुना १४ मध्ये, सोबत तपशिलाची दोन पत्रकं. शुल्क कलात्मक कृतीला ५०० रुपये, पण प्रत्येक फोटोला वेगळं. वेष्टनाच्या चित्रासारखी, मालावर वापरता येईल अशी कृती असली तर २००० रुपये आणि ट्रेडमार्क शोधाचा दाखला लागतो. डायरी नंबर (अर्जाचा क्रमांक) पडला की हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, मग छाननी. छाननीत त्रुटी काढल्या तर महिने जातात. म्हणून सरसकट नोंदणी करत बसू नका. जे चार-पाच फोटो खरोखर विकले जातात किंवा वारंवार चोरले जातात तेवढेच नोंदवा.

"नेटवर सापडला" हा बचाव नाही. पण त्याच्या जवळ जाणारी एक पळवाट कायद्यात आहे, ती माहीत असू द्या. कलम ५५ म्हणतं की या कृतीला कॉपीराइट आहे हे आपल्याला माहीत नव्हतं आणि तसं मानायला वाजवी कारणही नव्हतं, हे समोरच्यानं सिद्ध केलं, तर त्याच्याकडून नुकसानभरपाई मिळत नाही. मनाई हुकूम आणि त्यानं कमावलेल्या नफ्यातला वाटा एवढंच मिळतं. फोटोवर तुमचं नाव आणि साल असेल तर ही पळवाट बंद होते. शिवाय त्याच कलमानुसार प्रसिद्ध झालेल्या प्रतीवर ज्याचं नाव, तोच कर्ता असं गृहीत धरतात. उलट सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर. वॉटरमार्कचं खरं काम हे आहे. चोर काही त्यानं थांबत नाहीत.

नाव कापणं हा तर वेगळाच गुन्हा. कर्त्याचं नाव, मालकाचं नाव, वापराच्या अटी यांना कायदा 'हक्क व्यवस्थापनाची माहिती' म्हणतो. परवानगी नसताना ती जाणूनबुजून काढली तर कलम ६५ब प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आणि कलम ५७ चा हक्क, म्हणजे कृती आपली आहे हे सांगण्याचा आणि तिची मोडतोड करून बदनामी होईल असं काही होऊ न देण्याचा, तो कॉपीराइट विकल्यावरही तुमच्याकडेच राहतो.

कोल्हापूरची काळजी करू नका. कायदा केंद्राचा आहे, सीमा आडवी येत नाही. एरवी दावा प्रतिवादी राहतो तिथं किंवा घटना घडते तिथं लावावा लागतो. कॉपीराइटमध्ये कलम ६२ नं दावा लावणाऱ्याला सवलत दिली आहे: तो स्वतः जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही दावा चालतो. खानापूरच्या माणसाला बेळगाव, आणि वर जायचं तर हायकोर्टाचं धारवाड खंडपीठ. मुदत तीन वर्षं.

---

निपाणी_स्टुडिओ

लग्नाचं मी सांगतो, कारण हौशी मंडळी इथंच फसत्यात.

पैसे घेऊन, कुणाच्या तरी सांगण्यावरून फोटो काढला तर पहिला मालक ग्राहक. कलम १७ मध्ये तसं सरळ लिहिलंय. "उलट करार नसेल तर" एवढाच अपवाद. म्हणजे तोंडी ऑर्डर घेतली, ॲडव्हान्स घेतला, अल्बम दिला, तर त्या फोटोंचा कॉपीराइट नवऱ्याकडचा नाहीतर नवरीकडचा, ज्यांनी ऑर्डर दिली त्यांचा. तुमच्या पेजवर जाहिरातीला वापरायचा तरी त्यांनाच विचारायला पाहिजे. त्यांनी तो फोटो साडीच्या दुकानाला दिला तर तुम्हाला बोलता येत नाही. नावाचा हक्क तेवढा राहतोय, पण पैशाचा गेला.

इलाज सोपा हाय. ऑर्डर बुक करायच्या पावतीवर तीन ओळी छापून घ्या आणि ॲडव्हान्स घ्यायच्या वेळीच ग्राहकाची सही घ्या. मजकूर असा चालतोय:

"या कामातील सर्व फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. ग्राहकाला घरगुती वापर, छपाई आणि समाजमाध्यमांवर टाकण्याची कायमची परवानगी आहे. जाहिरात, विक्री किंवा तिसऱ्याला देण्यासाठी वेगळी लेखी परवानगी लागेल. फोटोग्राफरने स्वतःच्या प्रसिद्धीसाठी फोटो वापरावेत का: होय / नाही."

शेवटचं होय-नाही ग्राहकालाच खूण करायला लावा. पुढचं भांडण वाचतंय.

आता हौशी माणसाला जास्त लागू पडणारी गोष्ट. मंडळानं फुकट बोलावलं, मोबदला काहीच नाही, तर फोटो तुमचेच. शाल-श्रीफळ हा मोबदला होतोय काय, यावर वाद घालायची हौस असेल त्यांनी घालावा. व्हॉट्सॲपवर "फोटो वापरा, मालकी माझी, नाव टाका" एवढं एक वाक्य पाठवलं की विषय संपला. पेपरला फोटो पाठवतानाही तसंच. ईमेलमध्ये "फक्त या बातमीसाठी, एकदा, नावासह" लिहा. पेपरच्या पगारी फोटोग्राफरचं गणित वेगळं, तिथं छापण्यापुरता पहिला हक्क मालकाचा.

सेकंड शूटर म्हणजे दुसरा फोटोग्राफर म्हणून कुणाच्या हाताखाली जाताय तर त्याच्याशीही लिहून घ्या. फोटो तुम्ही काढला म्हणून कर्ता तुम्ही. पण पैसे घेऊन त्याच्या सांगण्यावरून काढला म्हणून मालकी त्याच्याकडं जाऊ शकते. कार्ड रात्रीच काढून घेतात आणि मग स्वतःच्या पोर्टफोलिओला चार फ्रेम मागत बसायची पाळी येते.

आणि परवानगी देताना "वापरा की" असं मोघम बोलू नका. काय, किती, कुठं आणि किती दिवस ते लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतोय, प्रदेश लिहिला नाही तर सगळा भारत. कॅलेंडरला एका वर्षासाठी म्हणून, पण मुदत न लिहिता दिलेला फोटो चौथ्या वर्षी डायरीवर आला तर मग ओरडून उपयोग नाही. "२०२७ चे भिंतीवरचे कॅलेंडर, १२ बाय १८ इंच, २००० प्रती, डिसेंबर २०२७ पर्यंत" असं पाहिजे.

---

पिक्सेल_चंदगड

कायद्याचं वर आलंच आहे. फाइलच्या बाजूनं थोडं.

कॅमेऱ्याच्या मेनूत 'कॉपीराइट माहिती' नावाचा पर्याय असतो, कॅनन आणि निकॉन दोन्हीत. तिथं नाव एकदा भरून ठेवा, म्हणजे ते प्रत्येक फाइलच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत साठणाऱ्या माहितीत, आपोआप बसतं. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयातीच्या वेळीच आयपीटीसीचे (फाइलमधल्या माहितीच्या ठरलेल्या साच्याचे) कर्ता, हक्कसूचना आणि संपर्क हे रकाने भरणारा साचा लावता येतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती उडते आणि फाइल दाबली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर सगळं जसंच्या तसं जातं, पण मग समोरच्याच्या हातात पूर्ण आकाराची फाइलही जाते. दोन्ही हवं असेल तर नाव टाकलेली लहान फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आकाराचा हिशेब असा. ३०० डीपीआयला (छपाईत इंचाला ३०० ठिपके) १२ बाय १८ इंची कॅलेंडरला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. १०८० पिक्सेल रुंदीचा फोटो त्याच १२ इंचांवर ताणला तर ९० डीपीआय उरतो, आणि मऊपणा डोळ्याला लगेच कळतो. म्हणून लहान आकारात टाकलेला फोटो कॅलेंडरपासून बऱ्यापैकी वाचतो. फ्लेक्सपासून नाही. फ्लेक्स वीस फुटांवरून बघायचा असतो, तिथं ९० डीपीआयसुद्धा चैन आहे. यातून एक निष्कर्षही निघतो: छापील कॅलेंडरवर फोटो खणखणीत उतरला असेल तर तो फेसबुकवरून उचललेला नाही. मोठी फाइल कुठून तरी गेली आहे. लॅबमधला पेनड्राइव्ह, स्पर्धेची प्रवेशिका, ड्राइव्हची उघडी लिंक, इथं शोधा.

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न झालेली फाइल, कुणालाही देऊ नका. ती तुमच्याकडे आहे आणि समोरच्याकडे नाही, यासारखा पुरावा नाही. त्याच प्रसंगाच्या आधीच्या-नंतरच्या फ्रेमही पुसू नका. एकच सुंदर फ्रेम कुणीही कुठूनही आणू शकतो. ओळीनं चाळीस फ्रेम फक्त काढणाऱ्याकडे असतात.

चोरी सापडली की आधी पुरावा, मग फोन. हा क्रम उलटा झाला की पोस्ट पाच मिनिटांत गायब होते. पानाचा पूर्ण पत्ता आणि तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, स्क्रीन रेकॉर्डिंग करा, उघडं पान असेल तर इंटरनेट आर्काइव्ह या वेबपानं साठवणाऱ्या साइटवर जतन करा. फ्लेक्स असेल तर एक फोटो चौकासकट, एक जवळून. खालच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव आणि मोबाइल बहुधा असतोच, तो स्पष्ट यायला हवा. कॅलेंडर विकत मिळत असेल तर एक प्रत बिल घेऊन विकत घ्या. आणि कुठं कुठं वापरलाय ते गूगल लेन्स आणि टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या दोन्ही साधनांवर शोधा. एकात सापडत नाही ते दुसऱ्यात सापडतं.

---

टिळकवाडी_वकिली

वरच्याला जोड. १ जुलै २०२४ पासून साक्ष अधिनियम नवा आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला त्या अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला तिचा ठसा) लिहायचा रकाना आहे. त्यामुळं रॉ फाइल आणि स्क्रीनशॉट या दोन्हींचं शा-२५६ (SHA-256) पद्धतीचं हॅश मूल्य त्याच दिवशी काढून नोंदवून ठेवा. नंतर फाइल उघडून पुन्हा जतन केली की मूल्य बदलतं आणि उलटतपासणीला आयता मुद्दा मिळतो.

---

हलशी_फ्रेम

सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. फ्लेक्सवाल्यावर पोलिसांत जावं का? आणि चित्ररथावरची मूर्ती दुसऱ्यानं घडवलेली असते, पुतळा शिल्पकाराचा असतो, मग आपल्या फोटोवर आपला हक्क पूर्ण असतो का? माणसांचे चेहरे येतात त्याचं काय?

---

टिळकवाडी_वकिली

मूर्तीचा प्रश्न चांगला आहे, सहसा कुणी विचारत नाही. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढून तो प्रसिद्ध करायला कलम ५२ नं मोकळीक दिली आहे. राणी चन्नम्मा चौकातला पुतळा त्यात बसतो. इमारतींनाही सूट आहे. हलशीच्या मंदिरातलं शिल्प तर शेकडो वर्षं जुनं, त्यावर कॉपीराइट उरलेलाच नाही. एखाद्या मंदिरात कॅमेरा नेऊ देत नसतील तर तो प्रवेशाच्या नियमाचा भाग, कॉपीराइटचा नाही. पण चित्ररथ आणि गणेशमूर्ती कायमच्या नसतात. मिरवणुकीचं दृश्य, गर्दी, गुलाल यांच्या फोटोला अडचण यावी असं वाटत नाही. मात्र फक्त मूर्तीचा जवळून काढलेला फोटो कॅलेंडरवर विकायचा असेल तर मूर्तिकाराची लेखी संमती घ्या. तो त्याच्या जागी कर्ताच आहे.

चेहऱ्यांचं: सार्वजनिक मिरवणुकीतला फोटो बातमी म्हणून किंवा प्रदर्शनात चालतो. ओळखू येणारा चेहरा जाहिरातीला वापरायचा तर संमतीपत्र हवं, मूल असेल तर पालकांची सही. फोटोचा कॉपीराइट तुमचा असला तरी त्या माणसाचा खासगीपणाचा हक्क वेगळा उभा राहतो.

पोलिसांचं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. नफ्यासाठी किंवा धंद्यात केलं नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. हा गुन्हा दखलपात्र (पोलिसांना थेट नोंदवता येणारा) आणि अजामीनपात्र आहे, असं सुप्रीम कोर्टानं मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सांगितलं. त्यामुळं "हे दिवाणी आहे, कोर्टात जा" असं ठाण्यात सांगितलं तर तो निकाल दाखवा. तीन ते सात वर्षांच्या गुन्ह्यांत पोलीस आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात, ते धरून चला. घटना हद्दीबाहेरची म्हणून तक्रार नाकारता येत नाही. नाकारलीच तर शहरात पोलीस आयुक्तांना आणि तालुक्यात जिल्हा पोलीस अधीक्षकांना तोच मजकूर पोस्टानं पाठवा, तिथंही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी. तक्रार कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत टाइप करून न्या, मराठी मसुदा सोबत ठेवा. भाषेवरून वाद घालण्यात सकाळ घालवायची नसेल तर हेच बरं, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका.

---

निपाणी_स्टुडिओ

कायद्यानं बरोबर, पण एका फ्लेक्ससाठी ठाणं गाठू नका. फ्लेक्सवाल्याला पेनड्राइव्ह मंडळाच्या पोरानं दिलेला असतोय, त्यानं गूगलवरून उतरवलेला असतोय. जाणूनबुजून केलं हे दाखवताना तुमचाच घाम निघेल. त्यापेक्षा बिल पाठवा. एका फोटोच्या वापराचा तुमचा दर काय तो आधी ठरवा, जुन्या पावत्या असतील तर जोडा, सात दिवसांची मुदत द्या. छापणाऱ्याला आणि छापून घेणाऱ्याला, दोघांनाही पाठवा. बहुतेक वेळा छापणारा धंद्याच्या नावाला जपतोय आणि तोच मिटवतोय. नाव मुद्दाम कापून वर्षभर विकलेलं कॅलेंडर असेल तर मात्र वकिलाकडं जा.

---

टिळकवाडी_वकिली

फ्लेक्सबाबत मान्य. आकड्याबाबत मात्र एक लक्षात ठेवा: आपल्या कायद्यात प्रति फोटो ठरलेली भरपाई नाही. बुडालेलं शुल्क दाखवावं लागतं किंवा त्याचा नफा मागावा लागतो. एका फ्लेक्सला पाच लाख मागितले की नोटिशीची किंमत शून्य होते. नोटिशीत फोटोचं वर्णन, काढल्याची तारीख, पहिल्यांदा कुठं टाकला तो पत्ता, चोरीची जागा, मागणी आणि मुदत एवढं पुरे. "बदनाम करतो, आत घालतो" असलं काही लिहू नका. कॉपीराइटच्या खोट्या धमक्यांविरुद्ध कलम ६० मध्ये समोरच्यालाही दावा करता येतो, म्हणून मालकी पक्की नसताना, विशेषतः पैसे घेऊन काढलेल्या फोटोवर, नोटीस काढूच नका.

फेसबुक-इन्स्टावर असेल तर त्यांचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा. मूळ पोस्टची लिंक आणि चोरीच्या पोस्टची लिंक दोन्ही द्या. पूर्ण पेजची लिंक दिली की तक्रार परत येते, प्रत्येक पोस्टची वेगळी लागते. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ खालीही नोटीस देता येते. त्यात ३६ तासांत मजकूर रोखावा लागतो, पण २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणून देईन असं हमीपत्र तुम्हाला द्यावं लागतं. हुकूम आला नाही तर मजकूर पुन्हा उघडता येतो. दावा करायची तयारी नसेल तर फॉर्मच बरा.

बातमीचं पेज "चालू घडामोडी" चा अपवाद सांगेल. घटनेची बातमी देताना त्या घटनेचा फोटो, हे काही प्रमाणात टिकू शकतं. पावसाच्या बातमीला शोभा म्हणून तुमचा दोन वर्षांपूर्वीचा गोकाकचा फोटो, हे टिकणं अवघड.

---

पिक्सेल_चंदगड

स्पर्धांचं राहिलं. प्रवेशिकेच्या अटींत "सर्व हक्क आयोजकांकडे" आणि "कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी" हे शब्द शोधा. बक्षीस तिघांना आणि फोटो सगळ्यांचे, असा तो व्यवहार असतो. ऑनलाइन 'मान्य' वर टिकटिक केली की परवानगी दिली असं आयोजक म्हणणारच. असली अट असेल तर भरायचा फोटो दुय्यम ठेवा, लांब बाजू २००० पिक्सेलच्या आत. विकिमीडिया कॉमन्सवर टाकताना मात्र पूर्ण विचार करा: तिथली मुक्त परवानगी व्यापारी वापरालाही असते आणि ती नंतर मागे घेता येत नाही. कॅलेंडरवाल्यानं तिथून घेतला आणि नाव व परवाना छापला, तर त्याचं काही चुकलं नाही.